माय, मी तुला अर्धंच सांगितलं

माय, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि तुझ्या नातवाने अजून एकही जेवण पुरतं केलेलं नाही. ज्वारीच्या कण्या मी तुझ्यासारख्याच शिजवते. तेच पातेलं, तेवढंच ताक, तेवढंच मीठ. सम्यकला मांडीवर तसाच तिरपा घेते. पण तू त्याच्या हनुवटीखाली करंगळी नेमकी कुठे धरायचीस ते मी नऊ वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नाही. मी घास देते, तो तोंडात फिरवतो, थोडा बाहेर येतो, थोडा भलत्या वाटेने जातो आणि पोरगं खोकून खोकून लालबुंद होतं. मग विलास त्याला उचलून पाठ थोपटतात, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता ताट उचलतो.

काल त्याचं वजन केलं. किती भरलं ते तुला सांगत नाही.

हे लिहायला बसले ते तुझं कौतुक करायला नाही. त्याला गाव समर्थ आहे. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी मी तुला एक वाक्य बोलले होते आणि ते परत घ्यायचं राहून गेलं आहे. तू गेलीस तेव्हा मी शाळेत फळ्यावर समीकरण लिहीत होते. शिपायाने येऊन सांगितलं, मी हातातल्या खडूसकट धावत आले. तोवर सगळं आटोपलं होतं. परत घ्यायचं म्हटलं तर आता समोर कुणी नाही. तरीही लिहिते आहे, कारण हे आत ठेवून मला शाळेतल्या पोरांपुढे उभं राहवत नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले होते. डिसेंबर होता, थंडी मी म्हणत होती. विलासांची शाळा तेव्हा लांब भोकरदनकडे होती आणि त्यांना रजा मिळत नव्हती. मी मात्र रजेवर असून दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर गठ्ठा बांधून माहेरी आणले होते. रसायनशास्त्र मीच नीट तपासते असा माझा तोरा होता. तू त्या गठ्ठ्याकडे बघून म्हणायचीस, “लेकरू आधी का पेपर आधी, ठरीव बाई एकदा.”

त्या दिवशी सकाळी आठला माझ्या कळा सुरू झाल्या. तू लगेच पदर खोचलास.

“चल, जीप सांगते. पह्यलं हाय, उगा थांबू नाय.”

“अजून लई टाईम हाय माय. पह्यल्या खेपीला दिवस दिवस लागतो, मी वाचलंय.”

“लेकरू हालून राह्यलं का बराबर?”

“हालतंय की,” मी म्हणाले. खरं तर मी लक्षच दिलं नव्हतं. हातात लाल पेन होतं.

दहाच्या सुमाराला तू परत आलीस. बाराला परत आलीस तेव्हा तुझा आवाज चढला होता आणि माझाही. “मी शिकलेली हाय का तू?” असं मी तुला विचारलं. आपण निघालो तेव्हा एक वाजून गेला होता, गठ्ठ्यातले पाच-सहा पेपर राहिले होते आणि माझ्यानं बसवत नव्हतं.

तालुक्याच्या त्या दवाखान्यात चारच्या आत तो झाला. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता. बाहेर आला तो निळसर, लुळा, डोळे मिटलेला. रडला नाही. सिस्टर त्याच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होत्या. तू दाराबाहेर उभी होतीस आणि आतून काही ऐकू येत नव्हतं म्हणून दार ठोकत होतीस. सात-आठ मिनिटांनी त्याने पहिला श्वास ओढला, मग मांजरासारखं बारीक काहीतरी केलं. दाराबाहेरून तुझा आवाज आला, “रडला गं! रडला!” ते रडणं नव्हतं हे मला कळत होतं.

त्या सात-आठ मिनिटांत त्याच्या डोक्यात काय झालं हे तू मला पुढे विचारलं होतंस. सम्यक दोन वर्षांचा होता. ओसरीत आपण तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि तो तुझ्या पायांवर आडवा होता.

“पोरी, ह्याच्या डोस्क्यात नेमकं काय झालं असंन? तू तर केमिस्ट्रीची मास्तरीन. मला समजंन असं सांग.”

मी सांगितलं. मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक बारीक मोटारी असतात. आत शिरलेलं मीठ त्या सारख्या बाहेर फेकत राहतात. त्यांना लागणारी वीज पेशी स्वतःच तयार करते, साखर आणि ऑक्सिजन वापरून. ऑक्सिजन तुटला की वीज तुटते आणि मोटारी बंद पडतात. मीठ आतच राहतं, मिठामागे पाणी शिरतं, पेशी फुगते. अर्धवट जळालेल्या साखरेचं आम्ल साचतं. मग ग्लुटामेट नावाचं एक द्रव्य सांडतं. एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला निरोप म्हणजे हे द्रव्य. एरवी ते थेंबाथेंबाने सुटतं आणि त्याच्याच जोरावर बाळ शिकतं, आईचा आवाज ओळखतं. पण असं एकदम सांडलं की पुढच्या पेशींची दारं उघडीच राहतात, त्यातून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आतल्या आत स्वतःलाच खायला लागते.

“आन मंग वारं भेटल्यावर?”

“मंग थोडा वेळ सगळं सुधारल्यासारखं दिसतं. पाच-सहा तास. पेशी परत वीज करायला लागतात. पण आतली गडबड मिटलेली नसते. त्यानंतर दुसऱ्यांदा बिघडतं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट असतं.”

तू शेंग हातात तशीच धरून बसलीस. मग म्हणालीस, “म्हंजे लाईट गेल्यावर मोटार बंद पडती, आन लाईट आल्यावर जळती. मारुतीच्या हिरीवरली जळली तशी.”

मी मान हलवली. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते चांगलं होतं. पुढे मी वर्गातही तसंच सांगायला लागले, तुझं नाव न घेता.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते. जालन्याला न्या, असं डॉक्टर म्हणाले. मला टाके पडले होते, हलता येत नव्हतं. विलास भोकरदनहून परस्पर जालन्याला निघाले होते. म्हणून रुग्णवाहिकेत बाळाला घेऊन तू बसलीस. त्या प्रवासाची गोष्ट मी तुझ्याच तोंडून ऐकली आहे, आणि एकदा नाही, घरी जो जो आला त्याच्यासमोर ऐकली आहे. तुझ्या आयुष्यातली सर्वांत अभिमानाची गोष्ट होती ती.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून तू बावीस वर्षं काढलीस. शिकलेली नव्हतीस, पण मिटिंगला सांगितलेलं तुझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. नव्या बाळाला ऊब द्या, गार पडू देऊ नका, हे तू घरोघरी जाऊन सांगितलेलं. आणि आपल्याकडे शेक-शेगडी तर पिढ्यान् पिढ्यांची. तेव्हा मिटिंग आणि शेगडी दोन्ही एकच बोलत होत्या. तू बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळलंस, वर माझी शाल, त्यावर गोधडी. दवाखान्यातून सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या मागून घेतल्यास, कँटीनवाल्याकडून त्यात कढत पाणी भरून घेतलंस आणि दोन्ही कुशींना एकेक लावलीस. परतूरला गाडी थांबली तेव्हा पाणी निवलं म्हणून परत भरून आणलंस.

गाडीतली सिस्टर म्हणाली, “आजी, इतकं नका गुंडाळू.”

“मी अंगणवाडीत हाय, मला नको शिकवू,” तू म्हणालीस. हे वाक्य तू पाहुण्यांना सांगताना दरवेळी मान ताठ करायचीस. आणि शेवट ठरलेला असायचा, “म्या होते म्हनून लेकरू तिथवर जित्तं पोचलं.”

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हात लावला आणि भराभरा सगळं उलगडून टाकलं. बाटल्या बाजूला, गोधडी बाजूला, नुसत्या लंगोटावर ठेवला. तू तिथं जो दंगा केलास तो विलास अजून सांगतात. “थंडीत लेकरू उघडं पाडलं, माया हाय का न्हाई तुमाला?” बाईंच्या हाताखाली दहा बाळं. “उघडंच ठेवायचं,” एवढं बोलून त्या पुढे गेल्या. का, ते तुला कुणी सांगितलं नाही. दोन दिवस तू त्या वॉर्डच्या दारात बसलीस आणि बाळाला बघायला आत सोडलं की कनवटीतून लोकरीचं टोपडं काढून त्याच्या डोक्यावर चढवायचीस. सिस्टर काढायच्या, तू परत चढवायचीस. शेवटी त्यांनी ते टोपडंच जप्त केलं. या गोष्टीवर आपण किती हसलो आहोत माय, सहा वर्षं हसलो.

त्याच वॉर्डच्या दारात विलासांनी तुला विचारलं होतं, “दवाखान्यात न्यायला एवढा उशीर कसा झाला?”

तू म्हणालीस, “माह्यंच चुकलं जावईबापू. मला वाटलं अजून टाईम हाय.”

मला हे चार दिवसांनी तूच सांगितलंस, माझ्या उशाशी बसून, अगदी हळू आवाजात. “म्या असं सांगितलंय बरं का. तू काही बोलू नको. नवऱ्याच्या मनात एकदा आलं की जल्दी जात न्हाई.” आणि मी काही बोलले नाही. पहिलं गप्प राहणं ते. त्याची इतकी सवय होईल असं वाटलं नव्हतं.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सम्यक पाय हलवायला लागला होता. उताणा पडून, सायकल मारल्यासारखे, एका लयीत. ओठ चाटत होता. तू काचेतून पाहिलंस आणि विलासांना ओढत आणलंस. “बघा बघा, कसा खेळून राह्यला!” ते झटके होते. ती दुसऱ्यांदा बिघडण्याची वेळ होती. तू मात्र त्या दिवशी दारात बसलेल्या सगळ्या बायांना गूळ वाटलास.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. मान धरायला त्याला तीन वर्षं लागली. तू अंगणवाडी सोडलीस आणि आष्टीला आमच्याकडे येऊन राहिलीस, मी नोकरी सोडू नये म्हणून. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशी तू आधी भांडलीस, मग त्यांच्याकडून सगळं शिकून घेतलंस, आणि वर्षभरात त्याच दुसऱ्या आयांना तुझ्याकडे पाठवायला लागल्या. शेजारीण कुणाचा तरी अंगारा घेऊन आली तेव्हा तू तिला चहा पाजून परत धाडलंस. “आमच्यात हे चालत न्हाई बाई. ह्याच्या डोस्क्यात मोटार जळलीय, ती राखंनं कशी चालंन?” सम्यक हसायचा तो तुझ्याच आवाजाला. मी शाळेतून आले की तो माझ्याकडे बघायचा आणि परत तुझ्याकडे मान वळवायचा. मला त्याचा राग यायचा, हेही आज सांगून टाकते. मी आई, आणि घरातल्या पाहुणीसारखी दारात उभी.

तीन वर्षांपूर्वी त्याचे झटके वाढले तेव्हा आम्ही त्याला संभाजीनगरला नेलं. तुझे गुडघे धरले होते म्हणून तू घरी राहिलीस. तिथल्या डॉक्टरांनी जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. त्या पहिल्याच होत्या तसं करणाऱ्या. मी ते पान कधी उघडलं नव्हतं. ऑक्सिजनचं सगळं रसायनशास्त्र मी वाचून काढलं होतं, पण त्या पानावर वेळा लिहिलेल्या होत्या.

“पोचला तेव्हा बाळाच्या अंगात बराच ताप नोंदलाय. कशाने?”

मी तुझी गोष्ट सांगितली, तू सांगायचीस तशीच, बाटल्यांसकट, हसत. त्या हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं की एरवी बाळाला ऊब हवीच, पण जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळाच्या मेंदूला त्या पहिल्या तासांत उष्णता बाधते. पेशी जितकी तापते तितकी तिला वीज जास्त लागते, आणि वीज तर तिच्याकडे नसतेच. म्हणून अशी काही बाळं डॉक्टर देखरेखीखाली मुद्दाम थोडी थंड ठेवतात.

नंतर त्या आणखी बोलल्या. ते शब्द मला पाठ आहेत. “पण आजींना यातलं काही बोलू नका. मुख्य इजा जन्माच्या आधीची आणि जन्मतानाची असते. उष्णतेने त्यात किती भर पडली, पडली की नाही, हे कुणालाही सांगता येणार नाही. ताप कधी कधी आतल्या बिघाडानेही येतो.” मग पेन उचलून त्यांनी विचारलं, “कळा किती वाजता सुरू झाल्या होत्या?”

विलास शेजारीच बसले होते. मी म्हणाले, “आठवत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सम्यकला मोठा झटका आला. बराच वेळ चालला. थांबल्यावर तो थरथरत होता आणि तू कपाटातून गोधडी काढून त्याच्या अंगावर घालायला लागलीस. मी रात्रभर जागी होते, डोक्यात ती फाईल होती. मी तुझ्या हातातून गोधडी हिसकावली.

“गुंडाळ. अजून गुंडाळ. तुझ्या त्या बाटल्यांनीच माझ्या लेकराचा मेंदू शिजला.”

ते वाक्य हे.

तू विचारलंस, “कोन म्हन्लं?”

“डॉक्टर.”

आणि मी तुला समजावून सांगितलं, माय. वर्गात सांगते तसं, मुद्देसूद. उष्णता, पेशी, वीज. डॉक्टर उष्णतेबद्दल जे जे बोलल्या ते सगळं सांगितलं आणि त्यांच्या “पण”पाशी थांबले. त्यापुढचं एक अक्षरही सांगितलं नाही.

तू भिंतीला टेकून खाली बसलीस. मग म्हणालीस, “म्हंजे लाईट आल्ती, आन म्या व्होल्टेज वाढवला.”

मी गोधडीची घडी घातली.

“मला कुनी सांगितलं न्हाई गं.” आणि थोड्या वेळाने, “किती? माह्यानं किती झालं? समदंच का?”

मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले.

तुझ्याकडे उत्तर होतं. आठ वाजल्यापासून मी म्हणून राह्यले होते, एवढं तू म्हणाली असतीस तरी मी जागच्या जागी संपले असते. तू त्या दिवशी ते म्हणाली नाहीस आणि पुढे तीन वर्षं, आपण मिठावरून, पंख्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून भांडलो तेव्हाही म्हणाली नाहीस. तुझ्या मनात ते येत नव्हतं की येऊन तू गिळत होतीस, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसानंतर रुग्णवाहिकेची गोष्ट तू कुणालाच सांगितली नाहीस. पाहुणे स्वतःहून म्हणायचे, “मावशी, ते टोपड्याचं सांगा ना,” तर तू उठून चहा टाकायला जायचीस. आणि हिवाळ्यात सम्यकला स्वेटर घालायच्या आधी दारात उभी राहून मला विचारायचीस, “घालू का गं?” ज्या बाईने गावातली शेकडो लेकरं अंगाखांद्यावर वागवली, ती मला स्वेटरची परवानगी मागत होती. मी पेपरातून मान वर न करता म्हणायचे, “घाल.”

परत का घेतलं नाही? रोज घेता आलं असतं. तू समोर तर होतीस, चोवीस तास. पण डॉक्टरांचं ते पुढचं वाक्य तुला सांगायचं तर “जन्माच्या आधीची” हा शब्द तोंडातून काढावा लागला असता, आणि जन्माच्या आधी ती सकाळ होती. तिथला उशीर तुझा नव्हता, माझाच होता. अपराध तुझ्याकडे होता तोवर मला झोप लागत होती. इतकं साधं कारण आहे. मी यापेक्षा चांगलं कारण अकरा दिवस शोधलं, सापडलं नाही.

रविवारी गावातल्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग तुझ्या अंगणवाडीतल्या कमलबाई उठल्या. महिन्यातून एकदा तू एस.टी.ने गावी जायचीस. मला वाटायचं, चार बायांत बसून मन मोकळं करायला जातेस. कमलबाईंनी सांगितलं की तू पोटुशा बायांच्या मिटिंगला जायचीस. दर महिन्याला, गुडघे धरून, तीन वर्षं. तिथं उभी राहून तू म्हणायचीस, “कळा लागल्या की जल्दी निघा. रडलेलं लेकरू गुंडाळा, छातीशी धरा. पर जे रडलं न्हाई त्याला शेक देऊ नका, बाटल्या लावू नका, डॉक्टर म्हनंन तसं करा. म्या केलं, माह्या हातानं माह्या नातवाचं वाटोळं झालं. तुमी करू नका.”

कमलबाई रडत होत्या. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. “एवढ्या मोठ्या मनाची बाई,” मागून कुणीतरी म्हणालं, “आपली चूक चारचौघांत सांगायची.” मी माझ्या तोंडाने जे अर्धं तुला दिलं ते तू पुरं समजून गावभर नेलंस. आणि त्या सगळ्या बोलण्यात “जल्दी निघा” होतं, पण ते कुणामुळे राहिलं हे तू तिथंही झाकलंस.

मला बोलायला सांगितलं. माईक हातात दिला. वर्गात तास तास बोलते मी. आलेल्या सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

जेवणं सुरू झाली तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ आली. वीस-एकवीसची असेल, आठवा लागलेला, कंबरेवर हात ठेवून चालत होती. विलास माझ्या शेजारी सम्यकला खांद्यावर घेऊन उभे होते.

“ताई, एक इचारू का?” ती म्हणाली. “आज्जी लई येळा म्हनायच्या का त्यांच्याच हातानं झालं. मला त्ये बराबर वाटायचं न्हाई. इतकी माया करनाऱ्या बाईच्या हातानं कसं होईन? त्या आमाला भेव घालायला म्हनायच्या ना? खरं न्हाई ना ते?”

तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला “नाही” ऐकायचं आहे. विलासही माझ्याकडे बघायला लागले. माय, असा प्रश्न इतक्या सोप्या शब्दांत मला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. उत्तर तयार होतं. “नाही गं, उशीर माझ्यामुळे झाला,” एवढंच म्हणायचं होतं. तुझा फोटो चार हातांवर होता, त्याच्यापुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या, आणि विलास ऐकत होते.

“खरं आहे,” मी म्हणाले. “तिच्याच हातानं झालं.”